वाचकांचे प्रश्न : जेनी एर्पेनबेक कोणत्या पुस्तकापासून वाचाव्यात?

जर्मन कादंबरीकार जेनी एर्पेनबेक यांच्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पुस्तकांची नावं इंग्रजी अनुवादांची दिली आहेत, कारण आपल्याकडे ती त्याच नावांनी मिळतात. मूळ जर्मन नाव महत्त्वाचं असेल तिथे तेही दिलं आहे.

प्रश्न (सांगली) : एर्पेनबेक जर्मनमध्ये लिहितात, मग त्यांना बुकर कसं मिळालं? गीतांजली श्री यांना मिळालं तेच का हे?

हो, तेच. बुकर दोन आहेत. एक मुळातच इंग्रजीत लिहिलेल्या कादंबरीसाठी आणि दुसरं, आंतरराष्ट्रीय बुकर, इंग्रजीत अनुवाद होऊन ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकासाठी. 2016 पासून हे दुसरं बुकर दरवर्षी एकेका पुस्तकाला देतात. रक्कम 50,000 पौंड आणि ती लेखक व अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. 2022 मध्ये ते गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल यांना मिळालं, 2024 मध्ये 'कायरोस'साठी एर्पेनबेक आणि मायकेल होफमान यांना. हा पुरस्कार मिळालेल्या त्या पहिल्या जर्मन लेखिका.

एक गोष्ट सहसा सुटून जाते. 2016 पूर्वी अनुवादित कादंबऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये 'इंडिपेंडंट फॉरिन फिक्शन' पुरस्कार होता. पुढे तो आंतरराष्ट्रीय बुकरमध्ये विलीन झाला. त्याच्या शेवटच्या वर्षी, 2015 मध्ये, तो एर्पेनबेक यांच्याच 'द एंड ऑफ डेज'ला मिळाला होता. म्हणजे इंग्रजी वाचकांनी त्यांना 2024 मध्ये शोधून काढलं असं नाही. आणि खुद्द जर्मनीत 2021 च्या जर्मन ग्रंथ पुरस्काराच्या पहिल्या, लांबलचक यादीतही 'कायरोस' नव्हती. पुरस्कारांच्या याद्या पाहून वाचन ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रश्न (नाशिक) : त्या लेखकांच्या घराण्यातल्या आहेत असं वाचलं. लेखिका होण्याआधी त्या काय करत होत्या?

घराणं लेखकांचं आहे, पण थेट लेखनाकडे काही त्या वळल्या नाहीत. जन्म 12 मार्च 1967, पूर्व बर्लिन. आजोबा फ्रिट्झ एर्पेनबेक आणि आजी हेडा त्सिनर दोघंही लेखक आणि कम्युनिस्ट. हिटलर सत्तेवर आल्यावर ते प्रागमार्गे सोव्हिएत संघात गेले, युद्ध संपल्यावर परतले. वडील जॉन यांचा जन्म त्या परागंदा काळातच, 1942 मध्ये, उफा शहरात झाला. ते भौतिकशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ आणि लेखक. आई डोरिस किलियास अरबीतून जर्मनमध्ये अनुवाद करत. नगीब महफूझ यांची पुस्तकं जर्मन वाचकांना त्यांच्यामुळे मिळाली.

जेनी यांनी 1985 मध्ये शाळा संपवली आणि दोन वर्षं पुस्तकबांधणीचं शिक्षण घेतलं. त्यानंतर नाटकघरांमध्ये सामान आणि कपडेपट सांभाळला. 1988 पासून हुम्बोल्ट विद्यापीठात नाट्यशास्त्र, 1990 पासून हान्स आइस्लर संगीत महाविद्यालयात ऑपेरा दिग्दर्शन. तिथे त्यांना रूथ बेर्गहाउस, हायनर म्युलर आणि पेटर कोन्विच्नी यांच्यासारखे शिक्षक लाभले. 1994 मध्ये बार्टोकच्या 'ब्लूबिअर्ड' ऑपेराचा प्रयोग बसवून शिक्षण पूर्ण केलं. मग ऑस्ट्रियातल्या ग्राट्स ऑपेरात सहायक दिग्दर्शक, 1998 पासून स्वतंत्र दिग्दर्शक. पहिलं पुस्तक 'द ओल्ड चाइल्ड' 1999 मध्ये आलं, तेव्हा त्या 32 वर्षांच्या होत्या.

हा सगळा तपशील त्यांच्या पुस्तकांच्या बांधणीशी थेट जोडलेला आहे, म्हणून दिला. ऑपेरात एखादी धून पहिल्या अंकात येते, तिसऱ्या अंकात दुसऱ्याच पात्राच्या तोंडी येते आणि तेव्हा तिचा अर्थ पालटतो. एर्पेनबेक यांची वाक्यं तशी परत येतात. 'द एंड ऑफ डेज'मध्ये पाच भाग आहेत आणि त्यांच्या मधल्या मजकुराला त्यांनी 'इंटरमेझो' हाच संगीतातला शब्द वापरला आहे. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला कोणती वस्तू कोणत्या प्रवेशात कुणाच्या हातात आहे हे चोख माहीत असावं लागतं. त्यांच्या कादंबऱ्यांतही किल्ली, कपाट, टॉवेल, ग्रंथावली अशा वस्तू मालक बदलत फिरतात आणि वाचकाला काळाचा पत्ता सांगतात. 'भिंतीच्या पलीकडची साक्षीदार' असं म्हणून त्यांचं कौतुक होतं ते आम्हाला अपुरं वाटतं. पूर्व जर्मनी पाहिलेले लेखक पुष्कळ आहेत. ही रचना मात्र त्यांचीच.

आणि बर्लिनची भिंत पडली त्या रात्री, 9 नोव्हेंबर 1989 ला, त्या झोपलेल्या होत्या. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. बालपणी त्या लाइपत्सिगर रस्त्यावर राहत. तो रस्ता भिंतीपाशी संपायचा, त्यामुळे मुलांना खेळायला निवांत. त्याच रस्त्यावरची त्यांची शाळा पुढे पाडली गेली. देश, शाळा, रस्त्याचा शेवट, एकामागून एक सगळं गेलं. 'नॉट अ नॉव्हेल' या लेखसंग्रहात हे सारं आहे.

प्रश्न (ठाणे) : 'कायरोस' विकत घेतली, पण शंभर पानांत दम लागला. दुसरं काही आधी वाचायला हवं होतं का?

आमच्या मते हो. 'कायरोस' त्यांची सर्वात गाजलेली कादंबरी आहे, सर्वात सोपी नाही. तिच्यात अवतरणचिन्हं नाहीत, सगळं वर्तमानकाळात चालतं आणि एका परिच्छेदात दोघांची मनं आळीपाळीने बोलतात. वाचक अडखळतो तो बहुतेक इथेच. 'हे कोण बोलतंय?' हा प्रश्न दर ओळीला पडला की दम लागणारच.

सुरुवात 'गो, वेंट, गॉन' (2015) पासून करा. रिचर्ड नावाचा नुकताच निवृत्त झालेला, पत्नी गेलेला प्राध्यापक. विषय ग्रीक-लॅटिन. त्याच्या घराजवळच्या तळ्यात एक माणूस बुडाला आहे आणि प्रेत अजून वर आलेलं नाही. बर्लिनच्या ओरानियन चौकात आफ्रिकेतून आलेल्या निर्वासितांनी तंबू ठोकले आहेत. (हे आंदोलन खरोखर घडलं, 2012 ते 2014.) रिचर्ड प्रश्नांची यादी करून त्यांना भेटायला जातो. कथा सरळ पुढे जाते, पात्रं ठसठशीत आहेत. वाचण्यापूर्वी एकच गोष्ट माहीत हवी. युरोपातल्या 'डब्लिन' नियमानुसार निर्वासिताचा अर्ज त्याने युरोपात जिथे पहिलं पाऊल टाकलं त्या देशाने तपासायचा असतो. ही माणसं बोटीने इटलीत उतरली, म्हणून जर्मनीत त्यांना काम करता येत नाही आणि इटलीत काम मिळत नाही. हा पेच कळला नाही तर पात्रं नुसती बसून का आहेत हे कोडं पडतं.

दुसरं 'व्हिजिटेशन' (2008), तिसरं 'द एंड ऑफ डेज' (2012), मग 'कायरोस' (2021). 'द एंड ऑफ डेज'ची कल्पना अशी : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिशियातल्या (आता युक्रेन) ब्रोडी गावी एक तान्ही मुलगी दगावते. पण त्या रात्री कुणी मूठभर बर्फ तिच्या अंगावर चोळला असता तर? ती जगते. पुढच्या भागात व्हिएन्नात मरते, मग सोव्हिएत श्रमछावणीत, मग पूर्व बर्लिनमध्ये आणि शेवटी नव्वदीच्या उंबरठ्यावर वृद्धाश्रमात. प्रत्येक मरणानंतर एखादी किरकोळ गोष्ट बदलून आयुष्य पुन्हा पुढे सरकतं. यातला मॉस्कोचा भाग अवघड आहे. तिथे नायिका अटक टाळण्यासाठी पक्षाला द्यायचा आपला जीवनवृत्तांत पुन्हा पुन्हा लिहून काढते. तो सावकाश वाचावा, घाईत वाचला तर नुसता नावांचा गोंधळ उरतो.

'द ओल्ड चाइल्ड' आणि 'द बुक ऑफ वर्ड्स' छोटी आहेत, कधीही घ्या. दुसरीतला विषय (हुकूमशाहीत छळ करणाऱ्याच्या घरी वाढणारी मुलगी) झोप उडवणारा आहे.

प्रश्न (सातारा) : 'व्हिजिटेशन'मध्ये माणसांना नावंच नाहीत. माळी, वास्तुविशारद, वास्तुविशारदाची बायको... कोण कुणाचं आणि कधीचं, काही लागत नाही. कशी वाचावी?

हा प्रश्न आल्याचा आनंद झाला, कारण आमच्या दृष्टीने हे त्यांचं सर्वोत्तम पुस्तक आहे आणि अर्ध्यावर सोडलं जाण्याचा धोकाही सर्वाधिक याच पुस्तकाला.

आधी त्याची मोजणी पाहा. मूळ जर्मन पुस्तक दोनशे पानांच्या आत आहे. सुरुवातीचं छोटं प्रकरण चोवीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांपासून निघतं आणि तळं कसं तयार झालं ते सांगतं. मग 11 प्रकरणं, दरेक एका माणसाचं किंवा कुटुंबाचं, आणि दोन प्रकरणांच्या मध्ये दरवेळी एक 'माळी'. शेवटी घर पाडल्याचं प्रकरण. जागा एकच : बर्लिनच्या आग्नेयेला, ब्रांडेनबुर्गमधल्या तळ्याकाठचं एक घर आणि त्याची बाग. एर्पेनबेक यांच्या आजीआजोबांचं तसं घर होतं, तेच याचं मूळ.

आता कृती. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर माणसं नव्हे, जमीन काढा. तळं, काठ, घर, शेजारचा प्लॉट, न्हाणघर. प्रत्येक प्रकरण संपलं की या क्षणी कोणता तुकडा कुणाच्या नावावर आहे आणि तो कसा आला, एवढंच लिहा. श्रीमंत शेतकऱ्याच्या मुलीच्या वाट्याची जमीन तुकडे होऊन विकली जाते. एक तुकडा वास्तुविशारद घेतो, एक ज्यू कापड कारखानदार. नाझी काळात कारखानदाराच्या कुटुंबाला देश सोडायचा आहे, पैसे हवे आहेत. त्यांचा तुकडा वास्तुविशारद बाजारभावाच्या निम्म्या किमतीत घेतो आणि आपण मदतच केली असं स्वतःला समजावतो. मुलगा दक्षिण आफ्रिकेला पोचतो. बाकीच्यांचं काय झालं ते पुस्तकातच वाचा, 'मुलगी' या प्रकरणासाठी मन घट्ट करून. युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या राजवटीत वास्तुविशारदावरच पळून जायची पाळी येते, कारण सरकारी इमारतीसाठी त्याने पश्चिमेकडून स्क्रू आणलेले असतात. घर परागंदा होऊन परतलेल्या लेखिकेकडे जातं.

आपल्याकडे सातबाऱ्याचे फेरफार वाचायची सवय असलेल्यांना हे पुस्तक पटकन उलगडेल. माणसांच्या नावांऐवजी त्यांची जमिनीशी असलेली नाती लिहिली आहेत, एवढाच फरक.

शेवटाकडे कायद्याचं एक कलम कळीचं ठरतं आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या तेव्हा 'भरपाईआधी परतफेड' हे तत्त्व स्वीकारलं गेलं. नाझी किंवा पूर्व जर्मन काळात ज्यांची मालमत्ता गेली त्यांना किंवा त्यांच्या वारसांना शक्यतो मालमत्ताच परत द्यायची, पैसे नंतरचा पर्याय. त्यामुळे चाळीस-चाळीस वर्षं घरात राहिलेली माणसं एका रात्रीत 'बेकायदा ताबेदार' ठरली. शेवटच्या मोठ्या प्रकरणाचं शीर्षक हाच कायदेशीर शब्द आहे.

माळ्याची प्रकरणं वगळायचा मोह होतो. वगळू नका. तो बोलत नाही, त्याचं मूळ कुणाला ठाऊक नाही. तो नुसता खड्डे खणतो, कलमं करतो, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घालतो, पहाटे एकदा आणि तिन्हीसांजेला एकदा. वाक्यंच्या वाक्यं पुन्हा येतात. पण नीट पाहा, पुढे पुढे त्याच्याकडून एकेक काम कमी होत जातं. राजवटी बदलल्याचं पुस्तक कुठे ओरडून सांगत नाही. माळ्याच्या कामाच्या यादीतून ते कळतं.

प्रश्न (पुणे) : जर्मन शिकते आहे, बी-वन (मधली पातळी) झालं. एर्पेनबेक मुळातून वाचता येतील का? आणि इंग्रजी नावं मूळ नावांशी जुळत का नाहीत?

बी-वनला कादंबरी घेऊ नका. 'डिंगं, डी फेरश्विंडेन' (नाहीशा होणाऱ्या वस्तू) हे 2009 चं पुस्तक घ्या. वर्तमानपत्रातले छोटे स्तंभलेख आहेत, दोन-तीन पानांत एक विषय संपतो. रोज एक लेख, पहिल्या वाचनात शब्दकोश बंद, दुसऱ्यात उघडा. बी-टू झाल्यावर 'गेयेन, गिंग, गेगांगेन' (म्हणजे 'गो, वेंट, गॉन'). वर्तमानकाळ, संवाद भरपूर, आणि त्यात निर्वासितांच्या जर्मन वर्गाचे प्रसंग आहेत, ते तुम्हाला कुणाहीपेक्षा जवळचे वाटतील. शीर्षक म्हणजे आपण वर्गात घोकतो ती 'जाणे' क्रियापदाची तीन रूपं. इंग्रजीत ते बसलं. 'हाइमझूखुंग' (म्हणजे 'व्हिजिटेशन') सी-वनशिवाय नको. पुण्या-मुंबईच्या माक्स म्युलर भवनाच्या ग्रंथालयात आणि गोएथे संस्थेच्या 'ऑनलाइ' या ई-ग्रंथालयात आधी चौकशी करा, आयात प्रती महाग पडतात.

शीर्षकांचं म्हणाल तर 'हाइमझूखुंग' या शब्दात 'हाइम' म्हणजे घर आणि 'झूखं' म्हणजे शोधणं दिसतं. पण एरवीचा अर्थ संकट कोसळणं, झपाटणं, शिवाय मेरीने एलिझाबेथची घेतलेली बायबलातली भेट. इंग्रजी 'व्हिजिटेशन'मध्ये संकट आणि भेट राहिली, घर निसटलं. 'आलर टागं आबेंट' ('द एंड ऑफ डेज'चं मूळ नाव) एका म्हणीतून आलं आहे : 'अजून सगळ्या दिवसांची संध्याकाळ झालेली नाही', म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, पारडं फिरू शकतं. 'द एंड ऑफ डेज' म्हटलं की जगबुडी आठवते, तो अर्थ इथे नाही. 'कायरोस' हा ग्रीकांचा योग्य क्षणाचा देव. कपाळावर बट, मागून डोकं तुळतुळीत. समोरून येताना बट धरली तर धरली, पुढे गेला की हाताला काही लागत नाही. कादंबरीतली एकोणीस वर्षांची काथारिना आणि त्रेपन्न वर्षांचा विवाहित लेखक हान्स 11 जुलै 1986 रोजी भेटतात तो असा क्षण. पण शुभ क्षण होता की नाही, हे दोन खोक्यांतली कागदपत्रं उघडत काथारिना बऱ्याच वर्षांनी तपासते. दोन खोकी, म्हणून पुस्तकाचे दोन भाग. आणि या कादंबरीत येणारं फ्रांकफुर्ट पोलंडच्या सीमेवरचं, ओडर नदीकाठचं आहे, विमानतळाचं नव्हे. या गफलतीने निम्मा नकाशा चुकतो.

प्रश्न (बेळगाव) : एखादं पुस्तक मराठीत आणायचं आहे. परवानगी कशी मिळवायची? इंग्रजीवरून अनुवाद चालेल का?

आधी प्रकाशक शोधा. परदेशी प्रकाशक हक्क सहसा अनुवादकाला देत नाहीत, प्रकाशकाला देतात. जर्मन आवृत्तीच्या हक्कपानावर प्रकाशनसंस्था पाहून तिच्या परदेशी हक्क विभागाला लिहायचं : मराठी हक्क मोकळे आहेत का, अंदाजे किती प्रती, किंमत किती, अनुवादकाचा अनुभव काय. करारात भाषा, मुदत, आगाऊ रक्कम आणि मानधनाचा टक्का नोंदवतात. ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक वेगळे हक्क आहेत, आत्ताच मागून ठेवा. गोएथे संस्थेची अनुवाद-साहाय्य योजना आहे. अर्ज प्रकाशकाने करायचा, हक्कांचा करार हातात असताना आणि पुस्तक छापण्याआधी. पैसे पुस्तक निघाल्यावर मिळतात, तेव्हा अनुवादकाचं मानधन तोवर कोण देणार हे आधीच ठरवा. पुष्कळ प्रकल्प इथे अडतात.

इंग्रजीवरून केलात तर इंग्रजी अनुवादकाच्या हक्काचाही प्रश्न येतो, म्हणजे दोन परवानग्या. पण खरं कारण वेगळं आहे. मराठीला जे सहज येतं ते इंग्रजीच्या गाळणीत नाहीसं होतं. जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी' आहे, आपल्याकडे तू आणि तुम्ही. इंग्रजीत दोन्हींना 'यू'. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, मराठीतही तीन. 'द ओल्ड चाइल्ड'मध्ये रस्त्यावर रिकामी बादली घेऊन उभी सापडलेली, चौदा वर्षांची म्हणवणारी ती व्यक्ती जर्मनमध्ये 'मेडशन' आहे, 'किंड' आहे, आणि दोन्ही शब्द नपुंसकलिंगी. इंग्रजीत 'शी' झाल्याबरोबर ती बाई होते. मराठीत 'ते पोर' म्हणता येतं आणि पुस्तकाचं गूढ जिथल्या तिथे राहतं. जर्मनच्या उपवाक्यात क्रियापद शेवटी येतं, तसंच आपलंही, त्यामुळे लांब वाक्य तोडायची गरज इंग्रजीइतकी पडत नाही.

नमुन्यासाठी 15-20 पानं करायची असतात. 'व्हिजिटेशन'मधली माळ्याची पहिली दोन प्रकरणं घ्या आणि त्याआधी वहीत शब्दतक्ता करा : एका जर्मन शब्दाला एकच मराठी शब्द, शेवटपर्यंत. शाळेत आपल्याला पुनरुक्ती टाळायला शिकवतात, म्हणून अनुवादक 'पाणी घालतो', 'शिंपतो', 'ओलं करतो' असे शब्द आलटून पालटून वापरतो. या पुस्तकात ते घातक आहे. पहिल्या प्रकरणात 'पाणी घालतो' लिहिलंत तर पुढेही 'पाणी घालतो'च हवं, नाहीतर तो पाणी घालायचा थांबला हे वाचकाला कळणारच नाही.